झाडू आज हातात घेऊ नकोस

सदाशिव पेठ, पुणे
१४ मे, रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी फोनवर तुझं निम्मं बोलणं वाऱ्यातच गेलं. धुळीच्या वादळाने घर भरलंय, फरशीवर पावलं उमटतायत एवढं कळलं, आणि "आता झाडून काढते" म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी नुसतं "थांब" म्हणाले. का ते लिहिते.

तू पाच वर्षांची होतीस. वळवाआधी असंच आभाळ पिवळं झालं, वारा सुटला आणि वाड्यातल्या आपल्या दोन्ही खोल्या धुळीने भरल्या. वारा पडताच मी पदर खोचून सगळं झाडलं, गाद्या झटकल्या. तासाभरात घर लख्ख. रात्री दोन वाजता तुझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. बाबा तुला कडेवर घेऊन रिक्षा शोधत धावले. वाफारा दिल्यावर पहाटे तुझा डोळा लागला, आणि डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "काल घरात धूळ कोणी झाडली?"

तुझ्या ओवीचंही सर्दी झाली की लगेच छातीत भरतं. म्हणून सांगते.

पावलं उमटतात ती जाड धूळ. ती बरीचशी नाकात अडकते. न दिसणारीची मला भीती वाटते. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतो, तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि एकदा उडाला की तासन्‌तास खाली बसत नाही. झाडू त्याला जमिनीवरून उचलून ओवीच्या नाकाशी आणतो.

आज रात्री खिडक्या बंदच ठेव, दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लाव. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फार वेळ चालवू नकोस. घर बंद असताना तो हवा बाहेर फेकतो आणि तितकीच बाहेरची धुळकट हवा फटींतून आत ओढतो. म्हणून आज तळण नको, उदबत्ती नको, डासांची कॉइल तर नकोच.

वारा पडला म्हणजे हवा निवळली असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेली धूळ आपल्या पुण्यावर धुरकट पसरली होती, इथे काही वादळ नव्हतं. तुमच्या वाघोलीत तर खडी आणि बांधकामं रोजचीच. सकाळी पाषाणच्या हवामान संस्थेचं, हवा किती दूषित आहे ते सांगणारं 'सफर' बघ. प्रदूषणाचा आकडा उतरला असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड आणि मग कामाला लाग.

ओवीला शेजारी पाठव. पंखे बंद कर. तोंडाला एन-९५ मास्क घट्ट लाव, ओढणी बांधून भागत नाही. सुरुवात वरून. पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ओढून घे, धूळ अभ्र्यातच राहते. मग कपाटं, फळ्या, खिडक्यांच्या खाचा ओल्या फडक्याने. फरशी सगळ्यात शेवटी, आणि बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदल, नाहीतर तोच चिखल तू पुढच्या खोलीत पसरशील. साधं पाणी पुरतं. ॲसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नकोस, विषारी वायू होतो. चादरी कडा आत दुमडत गुंडाळ, गॅलरीत झटकू नकोस. एसीची जाळी धुऊन सावलीत वाळव.

कामाच्या मावशी आल्या की त्यांनाही एक मास्क दे. उद्या त्या तुझ्यासारखी पाच-सहा घरं पुसणार, तीही सगळी धूळ त्यांच्याच छातीत जाणार. त्यांच्या हातातला झाडू प्रेमाने काढून घे, आणि का ते समजावून सांग.

रात्री एकदा ओवीच्या छातीला कान लाव. शिट्टीसारखा आवाज आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना दिसली, तर घर तसंच टाक आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा. मलाही फोन कर, कितीही वाजलेले असोत.

पडदे हळूच उतरवून बादलीत भिजत घाल. शनिवारी सकाळच्या बसने मी येते, दोघी मिळून पिळू.

तुझी,
आई