औषधांच्या खिडकीमागच्या ताईंना

ताई, नमस्कार.

नावावरून तुम्हाला ओळख पटेलच असं नाही, तारखेवरून पटेल. मी तो चौतिसाव्या दिवशी आलेला काका.

मागच्या आठवड्यात पीसीआरचा, म्हणजे रक्तात माझा कॅन्सर किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. ०.००८ टक्के. दशांश चिन्हापुढची शून्यं मी आधी बोट ठेवून मोजली, मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. घरात सांगून झालं, डॉक्टरांचे आभार मानून झाले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की जिच्यामुळे हा आकडा दिसतोय तिला आपण एका शब्दानेही काही बोललो नाही. खिडकीपाशी ते जमलंही नसतं. मागे रांग असते, आणि माझा आवाज हल्ली भलत्याच ठिकाणी दगा देतो. म्हणून हे पत्र.

आज २२ सप्टेंबर. नववा महिना, बावीस तारीख. आमच्या आजारात, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत जागा बदलतात, म्हणून सीएमएलवाल्यांनी हा दिवस आपला मानलाय. (शुभेच्छा द्याव्यात की नाही, ही एक पंचाईतच.) १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ती खरं तर अदलाबदल आहे, हे १९७३ मध्ये संशोधक जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या अदलाबदलीतून तयार होणारं बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिन नेमकं अडवणारी इमॅटिनिबची गोळी रुग्णांना सर्रास मिळायला २००१ साल उजाडलं. चाळीस वर्षं माणसं खपली त्या एका गोळीसाठी.

आणि मी ती रविवारी घेत नव्हतो.

का, ते त्या दिवशी तुम्हाला नीट सांगता आलं नव्हतं. आजार सापडला तेव्हा पांढऱ्या पेशी १,४०,००० होत्या. अकरा हजारांच्या आत असाव्या लागतात. मला मात्र थोडा थकवा आणि डाव्या बरगडीखाली जडपणा, एवढंच. तेव्हा ज्या डॉक्टरांकडे होतो ते रिपोर्ट बघून म्हणाले, ‘नशीब काढलंत. कॅन्सरच व्हायचा तर हा व्हावा. बीपीच्या गोळीसारखी रोज एक घ्यायची, विषय संपला.’ ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. या औषधाच्या मूळ मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतरही जगण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास निघालं. आधीच्या पिढीतल्या रुग्णांना असं भविष्य कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याचे पाय धरले असते. पण ‘विषय संपला’ म्हणणाऱ्याच्या घरी तो विषय रोज जेवणाबरोबर ताटाशेजारी येऊन बसत नसतो.

गोळीने पायात गोळे येतात, हा विनोद मी पहिल्या वर्षी भेटेल त्याला ऐकवला. दुसऱ्या वर्षी मलाच हसू येईना. रात्री दोनला पोटरी दगडासारखी व्हायची. सही करताना अंगठा तळहाताकडे वळायचा आणि तिथेच अडकायचा, दुसऱ्या हाताने सोडवावा लागायचा. ज्याचं पोट सह्यांवर चालतं त्याला हे काय वाटत असेल! गोळी घेतल्यावर तासभर मळमळ. सकाळी डोळ्यांभोवती पाणी साठून पापण्या सुजलेल्या, आणि लोक म्हणायचे, ‘वा, चेहरा छान भरलाय.’

पायातल्या गोळ्यांचं त्या डॉक्टरांना एकदा सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, ‘मग काय, कॅन्सर परवडला?’

या वाक्यानंतर मी खरं सांगणं बंद केलं. पुढे डॉक्टर बदलले, तुमच्याकडे यायला लागलो, पण सवय तीच राहिली. आधी एक रविवार सोडला. दिवसभर माणसासारखं वाटलं. मग प्रत्येक रविवार. मग बाहेरगावच्या कामाचे दिवस. मग ज्या दिवशी महत्त्वाची बैठक असेल तो दिवस. आणि काही बिघडलेलं दिसेना! या आजाराची हीच तर खोड आहे, हयगय केलेली लगेच दिसत नाही. ताप नाही, दुखणं नाही. रक्तात मात्र वहीखाते चालू असतं.

दर तपासणीला मला एकच प्रश्न विचारला जायचा, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ नवे डॉक्टर विचारायचे, नर्स विचारायची, घरी बायको विचारायची. ताई, या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. त्या शेवटच्या ‘ना’ला ‘नाही’ म्हणायला फार मोठी छाती लागते. मी ‘हो’ म्हणायचो. तसं ते खोटंही नव्हतं, चालू होत्याच की. मधून मधून.

मग ०.०६ वर असलेला आकडा तीन महिन्यांत ०.४ झाला. डॉक्टर गंभीर झाले. औषध दाद देईनासं झालं असेल, म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी करू, दुसऱ्या औषधावर जावं लागेल, असं बरंच बोलले. मी समोर बसून मान हलवत होतो. मला कारण माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतली लपवाछपवी शोधून काढण्याचे पैसे घेतले, आणि तिथे मख्खासारखा बसून राहिलो. त्या दहा मिनिटांची लाज अजून गेलेली नाही.

तिथून उठून तुमच्या खिडकीशी आलो. तुम्ही चिठ्ठी घेतली, वहीत मागची नोंद पाहिली. त्याच्या मागची पाहिली. मग पेन खाली ठेवलंत, आतल्या दाराने बाहेर आलात आणि मला बाकाच्या टोकाला घेऊन बसलात. रांगेत कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, ‘काका, घरी किती उरल्यात?’

‘उरल्यात का’ नाही विचारलंत. ‘किती’.

उरल्या असणार हे तुम्ही धरूनच चालला होतात, आणि ते असं, की त्यात काही आक्रीत नाही, सगळ्यांच्याच उरतात. मी ‘तीन’ म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. मग आपण दोघं गप्प बसलो आणि मला वाटतं दोघंही एकच वजाबाकी करत होतो. आधीची शिल्लक शून्य, नेल्या तीस, उरल्या तीन, म्हणजे पोटात गेल्या सत्तावीस. दिवस चौतीस. सात दिवस कोरडे. हा हिशेब मला कुणी परक्या दुकानाचा दिला असता तर मी अर्ध्या मिनिटात मालकाला उभं केलं असतं.

मी वाट बघत होतो की आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, ‘कशाने चुकतात? मळमळीने की पायांनी?’ म्हणजे पायांचंही तुम्हाला माहीत होतं! ते ऐकून मी जो रडलो, त्याबद्दल रांगेतल्या लोकांची माफी मागायची राहून गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे गोळे माझ्या नेभळटपणाचे आहेत. औषधाच्या माहितीपत्रकात ते छापलेले असतात, हे मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे मी कधी बघितलं नव्हतं.

मी सांगितलेला आकडा तुम्ही कुठेही टिपून घेतला नाहीत. म्हणालात, ‘डॉक्टरांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. आत्ता जा, ते अजून आहेत.’ आणि मी परत येईपर्यंत माझी चिठ्ठी पेपरवेटखाली ठेवून दिलीत, म्हणजे पुन्हा रांगेत उभं राहायला नको.

पुढचं सगळं डॉक्टरांनी केलं आणि उत्तम केलं, त्याचा तपशील इथे नको. गोळी दिवसातल्या सगळ्यात भरपेट जेवणाबरोबर गेली, मोठा ग्लासभर पाण्यासोबत. पायातल्या गोळ्यांवर थोडा उपाय निघाला, थोडे अजून येतात. औषध बदलावं लागलं नाही. ते नापास झालंच नव्हतं, मीच गैरहजर होतो. आकडा ०.४ वरून ०.२, मग ०.०८, मग ०.०३, आणि आता हा.

लंडनच्या त्या अभ्यासाबद्दल तुम्हीच नंतर कधीतरी सांगितलं होतं. २०१० मध्ये छापून आलेला, ८७ रुग्णांचा. बाटलीच्या झाकणात चिप बसवून झाकण किती वेळा उघडलं ते मोजलं होतं. ज्यांच्या ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या गेल्या, त्यांच्यातले फार थोडे चांगल्या आकड्यापर्यंत पोचले. नव्वद टक्के! शाळेत एवढ्यावर सत्कार होतो. मी तर एकोणऐंशीवर होतो. चिप नसताना, नुसत्या वहीतल्या तारखांवरून तुम्ही ते ओळखलंत.

डॉक्टर आता म्हणतात की असाच खोल आकडा काही वर्षं टिकला तर देखरेखीखाली गोळी थांबवून बघता येईल. थांबवलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुन्हा सुरू करावी लागते, तेही त्यांनी सांगितलं. मला घाई नाही. गोळी चोरून बंद करून झाली आहे, आता व्हायचीच तर उजळ माथ्याने बंद होऊ दे.

आजारी पडल्यापासून मी माणसं वेगळ्या काट्यावर तोलायला लागलोय. हातात फळं घेऊन येणारे आणि तासभर दुसऱ्या कुणाच्या तरी कॅन्सरची गोष्ट सांगणारे पुष्कळ झाले. ‘आता तर तू बराच झालास की’ म्हणून उसनवारी मागणारा एक मित्रही झाला. आणि तुमच्याच तिथला, रक्त घेणारा तो मुलगा. दर वेळी विचारतो, ‘मागच्या वेळी कुठला हात होता?’ आणि दुसरा घेतो. त्याला हे कुणी शिकवलं असेल? बहुतेक कुणीच नाही. तुमच्याही कामाच्या यादीत बाकावर येऊन बसणं नव्हतं. चिठ्ठी बघायची, गोळ्या द्यायच्या, पावती फाडायची, एवढं केलं असतंत तरी कुणी नाव ठेवलं नसतं, आणि मी कुठल्यातरी दुसऱ्या औषधाच्याही गोळ्या उरवत बसलो असतो.

बायकोला मी सगळं सांगितलं, जरा उशिराच. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढून गोळी समोर ठेवली आणि विचारलं, ‘आज किती उरल्या?’ तुमचा प्रश्न आमच्या घरात आता कायमचा राहायला आलाय.

परवा येतोय. एकोणतिसावा दिवस आहे. घरी एक उरलेली असेल, पण ती तिसाव्या दिवसाची आहे, तेवढी मोजू नका.

आपला,
चौतिसाव्या दिवसाचा काका