कोळसा की राख?

दादा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर मी "थँक्यू" म्हणाले आणि तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवलात. माझ्याकडून तो मिटेना, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. मैत्रिणीच्या भावाचे मित्र, एवढीच आपली ओळख. तुमचा चेहराही मी अजून पाहिलेला नाही.

जुन्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरवर मी सात वर्षं खेळले. नवा १६५ हर्ट्झचा यायचा होता तेव्हा लहान मुलीसारखे दिवस मोजत होते. आला, लावला आणि पहिल्याच संध्याकाळी रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. माझ्या गेममधली रात्र शंभरदा धुतलेल्या काळ्या ओढणीसारखी विटकी दिसत होती. आणि ज्या वेगासाठी हा सगळा खटाटोप, त्यात तसूभर फरक नाही!

विकणाऱ्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, गेम कोण खेळतं? मिस्टर की मुलगा?" मी खेळते म्हटल्यावर जरा थांबून म्हणाला, "होईल सवय." हेल्पलाइनवाल्यांनी तीनदा मॉनिटर बंद करून चालू करायला लावला आणि तक्रार निकालात काढली. ऑफिसातल्या एका जाणत्याने "आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये काळा असाच असतो, तुमचे मनाचे खेळ आहेत" असं ऐकवलं. दुसऱ्याने स्वतःच्या मॉनिटरची कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांच्या सेटिंगची फाइल, पाठवली, ती टाकल्यावर माझी स्क्रीन हिरवट झाली. आठ दिवसांत मला माझ्याच डोळ्यांची शंका यायला लागली. हसू नका, चष्म्याचा नंबर तपासून आले मी.

मग तुमचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे फोटो पाठवायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, "फोटो नको. फोनचा कॅमेरा स्वतःच्या अकलेने रंग सुधारून घेतो. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. काळा कोळशासारखा दिसतो की राखेसारखा?"

आणि गप्प बसलात.

त्या गप्प बसण्याबद्दल मला खरं तर लिहायचं आहे. तोवर जो भेटला त्याच्याकडे माझा प्रश्न संपण्याआधी उत्तर तयार होतं. तुम्ही थांबलात. मी उठून दिवा मालवला, पडदा ओढला, पूर्ण काळं चित्र उघडलं आणि जवळ जाऊन बघत राहिले. मॉनिटरची प्लास्टिकची कड काळीकुट्ट होती, तिच्या आतला काळा मात्र करडा. दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. पलीकडून तुम्ही एकदाही "हॅलो" केलं नाहीत. शेवटी मी म्हटलं, "राख."

"मग तुमचे डोळे उत्तम आहेत," तुम्ही म्हणालात. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेव्हा काही दुरुस्तही झालेलं नव्हतं.

पुढचं सगळं मिनिटांचं काम. एचडीएमआय केबलवरून कॉम्प्युटरमधलं चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड माझ्या मॉनिटरला टीव्ही समजून रंगाच्या ० ते २५५ पायऱ्यांऐवजी १६ ते २३५ एवढ्याच पाठवत होतं, त्यामुळे काळा खालपर्यंत उतरतच नव्हता आणि पांढराही मळका. शिवाय विंडोज अजून ६० वरच अडकलेलं. १६५ चा घोडा आणून मी तो जुन्याच खुंटीला बांधला होता. कुठे काय दाबलं ते इथे लिहीत बसत नाही. स्क्रीन क्षणभर गेली, परत आली आणि कोळसा! मग नुसता माउसचा बाण गोल गोल फिरवत बसले. दर चित्रामागे १६.७ मिलिसेकंद लागायचे ते ६ वर आले, हा तुमचा हिशेब. मला एवढंच कळलं की बाण हाताला चिकटल्यासारखा पळतोय.

ब्राइटनेस कारखान्यातून आला तसा डोळे दिपवणारा होता. तुम्ही शेजारी कोरा कागद धरायला लावलात आणि स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटेपर्यंत तो उतरवायला सांगितलात. उन्हात करपल्यासारखे लाल दिसणारे चेहरे मॉनिटरच्या एसआरजीबी मोडने, म्हणजे रंग ठरावीक मापात ठेवणाऱ्या सेटिंगने, निवले. मी तुमचे आकडे मागितले, तेव्हा "एकाच मॉडेलचे दोन पॅनेलही सारखे निघत नाहीत, माझे आकडे घेऊन पस्तावाल" म्हणालात. हिरव्या स्क्रीनवाल्याला हे कुणीतरी सांगा हो.

आणि मिस्टर-मुलाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. "तुम्ही कोणता गेम खेळता?" एवढंच विचारलंत. माणसाला माणूस समजून बोलायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, पण बघा ना, किती जणांना जमलं नाही.

खालच्या डाव्या कोपऱ्यात अंधारात अजून फिकट झाक दिसते. ती या पॅनेलच्या जातीचीच खोड आहे, जाणार नाही, हे तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगून टाकलंत. राहू दे ती तिथे.

तुमची,
राख पाहिलेली ताई