हॅमस्टरला कुठली भाजी, कुठलं फळ?

प्रिय अनघा,

पत्र मिळालं. पिल्लू घरी आलं हे वाचून फार आनंद झाला. ‘कुठली भाजी चालेल, कुठलं फळ चालेल, यादी पाठव’ असं लिहिलं आहेस. यादी देतेच, पण आधी त्याचं वजन लक्षात घे. पूर्ण वाढलेला सिरियन हॅमस्टर 100 ते 150 ग्रॅमचा, ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातींचे तर साधारण 30 ते 50 ग्रॅमचेच. आपल्याला जी जेमतेम एक फोड वाटते, ती त्याच्या पोटाला जड होते. चांगली भाजी जास्त झाली म्हणून पोट बिघडणं, ही तक्रार नेहमी दिसते.

त्याचं रोजचं जेवण म्हणजे पेलेट्स (तयार खाद्याच्या कोरड्या गोळ्या) किंवा धान्य-बियांचं मिश्रण. ताजं खाणं वरचं. सिरियनला आठवड्यातून दोन-तीनदा, चहाच्या चमच्यात मावतील एवढे भाजीचे तुकडे पुरतात. ड्वार्फला त्याच्या निम्मे. फळ आठवड्यातून एकदाच, करंगळीच्या नखाएवढं.

सुरुवात काकडी, झुकिनी, बिया काढलेली ढबू मिरची किंवा कोथिंबिरीची दोन पानं यांनी कर. काकडीत जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे जास्त झाली की लेंड्या लगेच सैल होतात. आइसबर्ग लेट्यूसचंही तेच, शिवाय त्यात पोषण फारसं नाही; लेट्यूस द्यायचंच तर रोमेनचा छोटा तुकडा दे. ब्रोकोली आणि फ्लॉवर उत्तम, पण गॅस धरतात, म्हणून एकच छोटा तुरा. पालकात ऑक्सलेट (ज्याचे खडे होऊ शकतात असा क्षार) भरपूर, तो क्वचितच. गाजर आणि मका गोड असतात, त्यांना फळातच धर.

फळांमध्ये सफरचंद, नासपती, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, बिया काढलेलं कलिंगड चालतं. सफरचंद कापताना मधला गाभा बियांसकट पूर्ण काढून टाक. बियांमध्ये अमिग्डालिन असतं, बी चावली गेली की त्यातून सायनाइड सुटतं, आणि एवढ्याशा जिवाच्या बाबतीत ती जोखीम घ्यायचीच नाही. केळं चिकट, ते गालाच्या पिशवीत अडकून राहतं. दिलंच तर अगदी पातळ चकतीचा पाव भाग. संत्रं, मोसंबी, लिंबू नकोच. ‘क जीवनसत्त्व मिळेल’ म्हणून पुष्कळ जण देतात, पण गिनीपिगला असते तशी याला त्याची बाहेरून गरज नसते, हॅमस्टरचं शरीर ते स्वतःच तयार करतं. मग उगाच आंबट कशाला?

तुझं पिल्लू ड्वार्फ असेल तर फळांचा हा परिच्छेद सोडून दे. ड्वार्फांमधल्या कॅम्पबेल जातीत आणि तिच्या संकरात मधुमेह बराच आढळतो, आणि विकणाऱ्यालाही संकर ओळखता येतोच असं नाही. त्यांना फळ, गाजर, मका बंद. पाणी एकाएकी खूप प्यायला लागला, अंथरूण सारखं ओलं दिसू लागलं, तर डॉक्टरांना दाखव.

कधीही द्यायच्या नाहीत अशा गोष्टी: कांदा, लसूण आणि त्यांची पात (रक्तातल्या लाल पेशी फुटतात), कच्चा बटाटा, त्यातही हिरवट साल आणि कोंब, टोमॅटोचा पाला-देठ, कच्चा राजमा, अवोकाडो, रुबार्बची पानं. आपल्या ताटातली तेल-मीठ-मसाल्याची भाजीही नाही.

भाजी नीट धुऊन, कोरडी पुसून दे. फ्रिजमधली असेल तर थोडा वेळ बाहेर ठेव. रात्री जागणारा प्राणी आहे, तेव्हा संध्याकाळी तो उठल्यावरच वाटीत ठेव आणि सकाळी उरलेलं उचल. वाटी रिकामी दिसली म्हणजे खाल्लं असं मात्र समजू नकोस. तो गालात भरतो आणि घरट्यात नेऊन पुरतो. दोन दिवसांत त्या तुकड्याला बुरशी येते आणि मग कधीतरी भूक लागली की तो तेच काढून खातो. म्हणून दुसऱ्या दिवशी घरट्याचा कोपरा हलकेच उकरून ओलं तेवढं बाहेर काढ. कोरड्या दाण्यांच्या साठ्याला हात लावू नकोस, तो गेला की हॅमस्टर अस्वस्थ होतो.

नवीन पदार्थ एका वेळी एकच, मटाराच्या दाण्याएवढा. पुढचे 24 तास लेंड्या बघ. गडद, कोरड्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर ठीक. मऊ झाल्या तर ताजं सगळं बंद, फक्त कोरडं खाणं आणि पाणी. शेपटीखाली ओलं आणि घाण वास, पाठीला कुबड काढून बसणं, खाणं सोडणं यातलं काही दिसलं तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. पिल्लांमध्ये ‘वेट टेल’ हा आजार दोन दिवसांत जीव घेऊ शकतो आणि जागा बदलल्याचा, खाणं बदलल्याचा ताण त्याला निमित्त होतो.

म्हणून तुझ्या पिल्लाला पहिला आठवडा भाजीही नाही, फळही नाही. आधीच्या जागी जे कोरडं खाणं मिळत होतं, तेच चालू ठेव. आठव्या दिवशी काकडीचा एक तुकडा. आणि सिरियन आहे की ड्वार्फ, ते उलट टपाली कळव.

तुझी,
मेधा