बिनवायरची वीज: किती लांब, किती वाया?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय, बल्ब खोलीत कुठेही धरा, बिनवायरचा पेटतो, खाली लिहिलंय की घरातल्या वायरिंगचे दिवस संपले. तो बघून आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतला आठवीतला मुलगा मला विचारत आला, काका तुमचं वायरमनचं काम आता बंद होणार का?

रविवारी त्याला घेऊन बसलो. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, वीज भराभर चालू-बंद करणारा तीन पायांचा छोटा भाग), एक पेन्सिल सेल आणि एलईडी एवढंच सामान. एका वेटोळ्याला सेल आणि ट्रान्झिस्टर जोडला, दुसऱ्याला फक्त एलईडी. वेटोळी जवळ आणली तर एलईडी पेटला, पोरगं एकदम खूश, मग एक वेटोळं हळूहळू लांब नेलं तर चार बोटांवर विझला. त्याने लगेच पट्टी आणून अंतर मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. फोनच्या वायरलेस चार्जरचं पण हेच आहे, फोन जरा सरकला की चार्जिंग थांबतं.

आता खोलीभर वीज पाठवणं खोटं आहे असं अजिबात नाही. २००७ मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातले शास्त्रज्ञ मारिन सोल्याचिच आणि त्यांच्या टीमने ६० वॅटचा बल्ब दोन मीटर लांबून पेटवून दाखवला. दोन्ही कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, एकाच फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती वेळा वीज मागेपुढे होते तो आकडा) लावलेल्या होत्या, सतारीवर वरची तार छेडली की त्याच स्वराला लावलेली तरफेची तार हात न लावता वाजते ना, अगदी तसं. मला हे फार सुंदर वाटतं, खरंच. पण त्या कॉइल मोठ्या परातीएवढ्या, ६० सेंटिमीटरच्या होत्या आणि एका कॉइलमधून दुसरीत साधारण ४० टक्केच वीज पोचली, प्लगपासून धरलं तर त्याहून कमी. या हिशोबाने दीड हजार वॅटचा एसी चालवायचा तर पावणेचार हजार वॅट सोडावे लागतील, बिल कोण भरणार? घड्याळ, रिमोट, छोटे सेन्सर अशा कमी विजेच्या वस्तूंना मात्र हे खूप कामाचं आहे, सेल बदलायची कटकट जाईल.

म्हणून एक विनंती, अशी बातमी छापताना किती लांबून आणि निघालेल्यातली किती टक्के वीज पोचली हे दोन आकडे बातमीतच द्या, मुलं तुमचा पेपर वाचून मग आम्हाला विचारायला येतात.

आपला,
एक वायरमन वाचक, वर्तकनगर, ठाणे