चिऊ, झोप लागत नाही म्हणालीस म्हणून

प्रिय चिऊ,

काल तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशीच उभी होते. "काही नाही गं आई, झोप लागत नाही एवढंच." हेच वाक्य 2021 साली मी तुझ्या बाबांना रोज ऐकवत होते, म्हणून ते मला लगेच ओळखू आलं. फोनवर बोलायला गेले तर मध्येच मला रडू येईल, म्हणून लिहिते आहे.

आजोबा गेले तेव्हा तू बारावीला होतीस. एप्रिलचा शेवट. भारतातून ऑस्ट्रेलियात येणारी विमानं नुकतीच थांबवली होती. मे महिन्यात तर भारतातून परतणाऱ्या इथल्या नागरिकांनाही दंड आणि तुरुंगाची तंबी मिळाली. तिकडे गेले असते तर तुझ्या परीक्षेपर्यंत परत येता आलं असतं की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. दहावा मी मेलबर्नच्या घरात बसून फोनवर पाहिला. सांगलीला कृष्णेच्या घाटावर मामा आणि आणखी तीन माणसं. कावळा शिवेना. मामा हात जोडून एकेक वचन देत होता, आईला सांभाळतो, घराचं बघतो. शेवटी म्हणाला, "ताई तिकडे सुखरूप आहे, तिची काळजी करू नका." आणि कावळा शिवला.

त्यानंतर मी बरी नाही असं म्हणायची मला चोरीच झाली. सहा महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. रात्री तीनला जाग यायची, दिवसा कामावर आकडे चुकायचे. शेवटी पाठदुखीसाठी म्हणून आपल्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी झोपेबद्दल विचारल्यावर तिथेच रडले. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला आणि मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून सायकॉलॉजिस्टसाठी पत्र दिलं. मेडिकेअरवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य योजनेतून, असं काही मिळतं, आणि तेही 2006 पासून, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून!

तुलाही तेच करायचं आहे. क्लिनिकला फोन करशील तेव्हा "मेंटल हेल्थ प्लॅनसाठी लांब अपॉइंटमेंट हवी" असं स्पष्ट सांग. पंधरा मिनिटांत ते होत नाही, घाईघाईत तू पुन्हा "झोप लागत नाही" एवढंच सांगून येशील. ब्रिस्बेनला गेल्यापासून तू जे जवळ असेल ते क्लिनिक गाठतेस, ते आता चालणार नाही. नोव्हेंबर 2025 पासून हा प्लॅन नेहमीच्या डॉक्टरकडूनच किंवा मायमेडिकेअर या मेडिकेअरच्या नोंदणीत जिथे नाव नोंदवलंय त्या क्लिनिकमधूनच करून घ्यावा लागतो. आधी एक डॉक्टर पक्का कर.

वर्षाला दहा सेशन्सवर मेडिकेअरचे पैसे मिळतात, जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरून. कोविडच्या काळात वीस होती, ती मला मिळाली. 2023 पासून पुन्हा दहा झाली. मला विचारशील तर ही कमी करायला नको होती. पहिल्या पत्रावर जास्तीत जास्त सहा, मग परत डॉक्टरला भेटायचं आणि उरलेल्या चारसाठी सांगायचं. ही मधली भेट विसरू नकोस, नाहीतर पैसे अडकतात.

फुकट असेलच असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर एका सेशनचे साधारण 145 डॉलर परत मिळतात, इतर सायकॉलॉजिस्टचे साधारण 99. फी मात्र ज्याची त्याने ठरवलेली. समज, 230 घेतले तर 85 आपले गेले. फोनवरच विचार, त्यात लाजायचं काही नाही. काही जण बल्क बिलिंग करतात, म्हणजे मेडिकेअर देतं तेवढ्यावरच भागवतात, आपल्याकडून वर काही घेत नाहीत, पण त्यांच्याकडे बरेचदा थांबावं लागतं. तू अजून पंचविशीच्या आत आहेस, तेव्हा तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी असलेल्या हेडस्पेसच्या सेंटरमध्येही चौकशी कर. व्हिडिओवरही सेशन्स होतात. तुझी रूममेट स्टुडंट व्हिसावर आहे, तिला मेडिकेअर लागू नाही. तिला युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे जायला सांग.

पहिल्या सायकॉलॉजिस्टशी माझं जमलं नाही. त्या वाईट नव्हत्या, पण मी त्यांच्यासमोर नीटनेटकी, शहाणी बाई होऊन बसायचे. तेच पत्र घेऊन मी दुसरीकडे गेले, तसं चालतं. दुसऱ्या बाई इथल्याच, त्यांना दहावा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पिंड म्हणजे काय, कावळाच का, मामा काय बोलत होता, हे इंग्रजीत सांगता सांगता दोन सेशन्स गेली. मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले. घरी येताना ट्रेनमध्ये लक्षात आलं की त्या दिवशीचं सगळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. तुझ्या बाबांनाही नाही. त्यांना सगळं माहीत आहे असं धरून मी कधी बोललेच नव्हते.

तुझं कारण काय ते मला माहीत नाही, आणि मला सांगायलाच हवं असंही नाही. तिथे माझ्याबद्दल बोलावंसं वाटलं तर बिनधास्त बोल. मेडिकेअरचं वेगळं कार्ड काढून घे, म्हणजे आमच्या कार्डावर तुला अवघडल्यासारखं व्हायला नको. ऑफिसला यातलं काही कळत नाही; मलाही तीच भीती होती. आणि एखाद्या रात्री फारच असह्य झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. लाइफलाइन या हेल्पलाइनचा 13 11 14 हा नंबर कधीही चालू असतो, आणि माझा फोन उशाशीच असतो.

पहिल्या सहा सेशन्सना पुरतील एवढे पैसे आज तुझ्या खात्यात टाकलेत. हिशोब द्यायचा नाही. रविवारी नेहमीसारखा फोन करेन. तू इथे सुखरूप नसलीस तरी मला चालेल, फक्त तसं म्हण.

तुझी,
आई