सोमवारी तू बोल

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून लिहिलं आहे. सावकाश वाच. डोळे शिणले तर उरलेलं रात्री पप्पा वाचून दाखवतील.

सोमवारी दहा वाजता शाळेत बैठक आहे. तुझ्या वाचन-लेखनाच्या अडचणीसाठी दहावीच्या परीक्षेला कुठल्या सवलती मागायच्या ते ठरायचं आहे. आजवर अशा बैठकांना मी एकटीच आत जायचे. तू बाहेर बाकावर बसायचास आणि परतताना कदंब बसमध्ये विचारायचास, "काय म्हणाले गे?" मी म्हणायचे, "सगळं ठीक." खूपदा ठीक नसायचं. आता तू चौदा वर्षांचा झालास, तुला कळायला हवं.

2019 साली तू तिसरीत होतास. तुझ्या वहीत घराचं धर व्हायचं, भाताचा मात. मला वाटायचं, लक्ष देत नाही. एका रात्री मी तुला एकच शब्द खोडून खोडून लिहायला लावला आणि शेवटी कागदाला भोक पडलं. मला दिसू नये म्हणून तू त्यावर बोट ठेवून बसलास. मी तो हात ओढला आणि तुझ्या पाठीत धपाटा घातला. ती वही मी टाकली नाही. फाईलमध्ये सगळ्यांत खाली आहे.

त्याच वर्षी गणेश चवथीला पप्पा गणपतीवरची रानफळांची माटोळी बांधत होते. तू खाली उभा राहून एकेक जिन्नस हातात देत होतास आणि नाव सांगत होतास. कवंडळ, घागऱ्या, कांगलां. कुठलं कुठल्या रानात मिळालं, तेही. एकदाही चुकला नाहीस. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते आणि मला तुझा मामा आठवला.

मामाला शाळेत 'दगड' म्हणायचे. वाचता येईना म्हणून बाकावर उभा करायचे, घरी आजोबांची छडी वेगळी. सातवीत त्याने शाळा सोडली. आज गावातला कुठलाही बंद पंप तो आवाजावरून ओळखतो, पण बिल मामी लिहिते. त्याच्या दुखण्याला नावच नव्हतं. तो शाळेतून बाहेर पडल्यावर 1995 चा कायदा आला, त्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. वाचन-लेखनाची अडचण त्यात नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार झाले, तेव्हा 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली. तुझ्या दाखल्यावर आहेत ते हेच शब्द. त्या दाखल्यासाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किती खेपा घातल्या ते तुला आठवत असेल, बसमध्ये तुला उलटी व्हायची.

दाखला घेऊन शाळेत गेले तर उत्तर मिळालं, "अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात, तिथे घाला." त्या दिवशी मला शब्द सुचले नाहीत. पुढच्या वेळी कायद्याची प्रत नेली, खुणा करून. कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता मुलाला घ्यायचं आणि इतरांबरोबर शिकवायचं. कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं लिहिलेलं आहे. तेव्हापासून मी तोंडी काही मागत नाही. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर. हे तूही शिकून घे.

पाचवीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. चौथीपर्यंत मराठी, मग एकदम सगळं इंग्रजीत. आपल्या गोव्यात हे इतक्या मुलांच्या वाट्याला येतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मराठीत जेमतेम बसलेली अक्षरं तुझी पुन्हा हलली. त्या वर्षी विज्ञानाच्या बाईंनी स्वतःहून तुझी चाचणी तोंडी घेतली आणि तुला 20 पैकी 17 मिळाले. त्या बाईंना मी अजून चवथीला नेवऱ्या पाठवते, त्या ह्याच कारणासाठी.

आता माझी एक चूक. गेल्या जूनमध्ये मी तुला न विचारता अर्जात 'लेखनिक हवा' असं लिहिलं. परीक्षेहून आलास तो जेवला नाहीस. म्हणालास, "मी सांगतो तसं तो लिहीत नाही. प्रश्न वाचून दाखवा, लिहीन मी." इतकी वर्षं मी तुझी बाजू मांडत होते आणि हा फरक मला कळला नव्हता. वाचून दाखवणारा वेगळा, लिहून देणारा वेगळा. केंद्र सरकारच्या नियमावलीत दोन्हींचा उल्लेख आहे आणि तासामागे किमान 20 मिनिटं जादा आहेत. म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. तुला कुणीतरी वाचून दाखवणारं आणि तो तास, एवढंच हवं आहे का? की गणिताला काही वेगळं? मी अंदाज करणार नाही.

शनिवारी आपण माडीवर बसून दोघं बोलू. तू सांग, मी मुद्दे लिहून घेते, मग तू ते फोनवर रेकॉर्ड कर आणि दोनतीनदा ऐक. बैठकीत अडखळलास तरी थांबू नकोस. त्यांना वेळ असो नसो, त्यांनी थांबायचं आहे.

निळी फाईल कपाटाच्या वरच्या खणात आहे. सोमवारी ती तू धर. मी शेजारी बसेन. सर सवयीने माझ्याकडेच बघून विचारतील, "मग, काय ठरवलंत?" मी तुझ्याकडे बघेन.

तुझी,
आई