कार्बनचं चाक चिकटवून द्यायला नकार देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

लेक पुन्हा सायकल चालवायला लागली, म्हणून हे पत्र. दुकानात आभार मानले तेव्हा "अहो ताई, कामच आहे ते" म्हणून तुम्ही विषय संपवलात. पण ज्यांची मुलं पहाटे मरीन ड्राइव्हला किंवा आरेत सायकल मारायला जातात, त्या आईवडिलांनाही हे कळायला हवं.

उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर तिच्या सायकलचं पुढचं चाक आदळलं होतं. त्याची रिम कार्बन फायबरची, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेली. रिमच्या काठावर केसाएवढी रेघ, चाक मात्र सरळ फिरत होतं. एका दुकानात सांगितलं, एपॉक्सी (घट्ट बसणारा गोंद) भरून पॉलिश मारतो, कळणारसुद्धा नाही. पैसेही थोडेच होते.

तुम्ही आधी टायर काढलात, रिम टेप सोडवलीत. कापसाचा बोळा काठावरून हळूहळू फिरवलात, तर रेघेपाशी त्याचे तंतू अडकले. मग नाण्याने रिमभर टकटक केलीत. सगळीकडे टणक आवाज, रेघेच्या आजूबाजूला मात्र बद्द. आतले थर सुटलेत, म्हणालात. आणि लगेच बजावलंत: बद्द वाजलं तर रिम बाद, पण चांगलं वाजलं म्हणून पास धरायची नाही.

मी विचारलं, फ्रेम दुरुस्त होते, मग रिम का नाही? गिऱ्हाइकांची रांग असतानाही तुम्ही बसून सांगितलंत. फ्रेमच्या नळीवर खराब भाग उतरता घासून, धाग्यांची दिशा सांभाळत नवे थर चढवता येतात आणि दाब-उष्णता देऊन पक्के करता येतात. रिमचा काठ पातळ. टायरमधली हवा त्याला सतत बाहेर ढकलते. शिवाय एकेक स्पोक शंभर किलोच्या आसपास ताणलेला. धातूची रिम बहुधा आधी वाकते. कार्बन मात्र फारशी पूर्वसूचना न देता तुटू शकतं, आणि पुढचं चाक तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. नुसता वरच्या लॅकरवरचा, म्हणजे चकचकीत लेपावरचा ओरखडा असता तर तुम्ही तसंच चालवायला सांगितलं असतंत. म्हणजे उगाच घाबरवलंही नाहीत.

नवीन चाक गळ्यात मारणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही चाकाच्या मधला हब उघडून बेअरिंग पाहिलंत, स्पोक एकेक तपासलेत, मापाला जुळणारी नवी रिम मागवलीत आणि स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या नव्या निपलांवर चाक बांधून दिलंत. हे वेळखाऊ, कौशल्याचं काम आहे आणि त्याची मजुरी तुम्ही फार कमी लावता, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगते.

जुनी रिम भंगारातून कुणा दुसऱ्याच्या सायकलला लागू नये म्हणून ती कापलीत. त्यासाठीही मास्क, हातमोजे, करवतीवर पाण्याची धार. मदतनीस पोराला कार्बनची धूळ छातीत जाऊ नये म्हणून आधी मास्क घालायला लावलात. तेव्हाच ठरवलं, घरातल्या सगळ्या सायकली आता तुमच्याकडेच.

थोडं चालवून झाल्यावर स्पोकचा ताण पुन्हा बघायला सांगितला होतात. लेक शनिवारी संध्याकाळी चाक घेऊन येईल. या वेळी मजुरी पूर्ण घ्या.

तुमची,
एक आई, दादर